गस्तीची वही

बीटच्या घुगेबाई गल्लीत आल्या तेव्हा
मी ब्लाउजाला हुक लावत होते.
अक्षर कुणाचं चांगलंय, त्यांनी विचारलं
आणि सगळ्यांनी माझ्या ओट्याकडं बोट केलं.
वही त्यांनीच दिली, दोनशेपानी,
पहिल्या पानावर कळंब ठाण्याचा गोल शिक्का,
थोडा तिरका.

ते ड्रोनचे दिवस होते.
कुणाला लाल दिवा दिसे, कुणाला हिरवा,
शेखमामूंच्या म्हशीनं तर वर बघून पान्हा चोरला म्हणे.
मोबाइलवर रोज नवं:
आज केजला, आज भूमला, आज आपल्याच मागं पाझर तलावावर.
पत्र्यावर मांजर चाललं तरी चाळीस बॅटऱ्या पेटत.
केसांवर भांडी देणाऱ्या एका बाईला
पोरांनी पारावर घेरलं, भरदुपारी.
तिच्या पाटीतली स्टीलची वाटी
अजून नालीत आहे. कुणी उचलत नाही.

म्हणून बैठक. समाजमंदिरात, सतरंजीवर.
घुगेबाई मांडी घालून बसल्या, काठी बाजूला आडवी.
म्हणाल्या, किल्ली तुळशीत ठेवायचं बंद करा,
चोराच्या घरीबी तुळस असते.
बायका हसल्या. माझी किल्ली त्या वेळी तुळशीतच होती.
म्हणाल्या, अनोळखी दिसला तर मला फोन.
हात नाही.
हात उचलला तर चोराच्या आधी तुम्हाला नेईन.
तेव्हा कुणी हसलं नाही.

मग पाळ्या. चौघं चौघं, अकरा ते चार.
शिट्ट्या दोन, लाठ्या ज्याच्या त्याच्या, चहा माझ्याकडं.
मी लिहीत होते, तर दारात,
चपला काढायच्या जागेवरून, एक हात वर झाला.
गायरानातल्या पालावरचा.
सगळी सतरंजी वळली.

नाव?
फौजदार.
हुद्दा नाही, नाव सांग.
नावच हाय बाई. फौजदार काळे.
मी झालो त्या राती बापाला फौजदारानं नेलं होतं.
आय म्हणली, एक तरी फौजदार आपला असावा.

मागून कुणीतरी: ह्याचं नाव ठाण्यात आधीच असंल की.
हाय ना, तोच म्हणाला.
आज्याचं, बापाचं, मपलं. कुठंबी कडी तुटली
की पहिली जीप आमच्याकडं.
गस्तीवर राहिलो तर चार माणसं तरी सांगतेल
रातच्याला ह्यो कुठं होता.

पंखा तेवढा किरकिरत राहिला.
घुगेबाई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, लिहा.
कुणाच्या पाळीत, मी विचारलं.
शेखमामू खोकले. माझ्यात टाक बेटा,
मला रात्री दिसत नाही, त्याला दिसतं.

आखाड सरता सरता डाळमिलची मोटार गेली.
पहाटे पाचला जीप गायरानात,
सवयीनं.
मी पदराखाली वही घेऊन ठाण्यात गेले,
मामू मागून, एका हातात बॅटरी, दिवस उजाडलेला.
टेबलावर घुगेबाई नव्हत्या, दुसरेच होते.
त्यांनी पान उलटलं, पुन्हा उलटलं,
बोट ओलं करून सहीवर घासून पाहिलं.
म्हणाले, हे मागून लिहिलेलं नसंल कशावरून?
मी म्हटलं, साहेब, मी दुसऱ्याच्या मापात
सूतभर इकडंतिकडं करत नाही.
दुपारी दीडला त्याला सोडलं. चहा पाजला का विचारू नका.

आता ड्रोन दिसत नाहीत कुणाला.
पाळ्या मोडल्या; आधी जावई आले म्हणून, मग कंबर, मग सोयाबीन.
एक शिट्टी हरवली.
मामूंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ते लवकर निजतात.
वहीची सत्तर पानं कोरी आहेत.
अकराला माझ्या खिडकीखाली
एकदाच, हलकी, शिट्टी वाजते.
मी उठते. दिवा लावते.
तारीख टाकते.
गजांतून वही बाहेर देते, सहीला.